आधी बाईंना

१२ जून, गुरुवार

वैद्य मानसीताईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसले. काय खाल्लं, झोप कशी लागली, अंगातून वाफा कधी निघाल्या, सगळं रोजच्या रोज लिहा म्हणाल्या. एकोणपन्नास वर्षांत मी कधी रोजनिशी लिहिली नाही. पण त्या पुण्याच्या. पुण्याची माणसं एकदा सांगितलेलं ऐकलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगतात, त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

पाळी आता तिच्या मनाला येईल तेव्हा येते. काचीगुड्याच्या आमच्या मराठी ग्रंथालयात पुस्तकाची नोंद करता करता मानेवरून घामाची धार लागते, आणि समोर उभे असलेले म्हातारे सभासद बिचारे पंख्याकडे बघत राहतात. मानसीताई म्हणाल्या, "जायची तेव्हा जाईल. तोवर अंगाची मशागत करून घ्या. आत्ता घातलेलं पुढे पुरतं."

मशागत अशी: मिरची बंद, चिंच बंद, लोणचं बंद. हैदराबादेत राहून हे तिन्ही बंद म्हणजे मग हवा खायची. सकाळी दुधातून शतावरी, त्यावर खारीक, बदाम आणि पांढऱ्या तिळाचा लाडू. आंघोळीआधी अंगाला तिळाचं तेल. जेवणात मूग, दुधी, कोहळा, साजूक तूप. रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत. झोपताना तळपायाला तूप.

निघताना त्यांनी हाक मारून थांबवलं. "आणि हे सगळं तुमचं एकटीचं. कुणाला वाटायचं नाही."

"म्हणजे काय?"

"माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई लाडू करते आणि आधी घरभर वाटते. मग डबा खरवडून उरलंसुरलं खाते आणि महिन्याने येऊन मला सांगते, गुण नाही."

मी हसले. आमच्या घरात त्यांनी एक दिवस काढून बघावा.

१५ जून, रविवार

बेगम बाजारात जाऊन सगळं सामान आणलं. जडीबुटीवाल्याने शतावरीची मुळी माझ्यासमोर कडकन मोडून दाखवली. "देखो आपा, कैसी कड़क है. नक्को बोले तो वापस लाव, मैं इदरीच बैठा हूँ." अम्मा न म्हणता आपा, म्हणजे ताई म्हणाला, म्हणून मी घासाघीस केली नाही.

लाडू छान वळले गेले. एक ताटलीत घेऊन बसले आणि तिथेच अडकले, कारण समोर बाई.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई, जयवंताबाई. वय एकोणऐंशी. गावची शेती सोडून माझ्या सासऱ्यांबरोबर हैदराबादेत आल्या त्याला साठ वर्षं होत आली, बोली अजून गावचीच. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडल्या, तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची हेच त्यांचं घर. पेज पितात, दिवसभरात दोन शब्द बोलतात, कवळी वाटीत पडून असते.

आणि या घरची रीत अशी की ताटात जे काही येईल त्याचा पहिला घास घरातल्या थोरल्या बाईला. आधी बाईंना, मग आपण. सत्तावीस वर्षांत मी बाईंच्या आधी चहासुद्धा प्यायलेला नाही. आता त्यांच्या डोळ्यांदेखत एकटीने लाडू खायचा, हे काही घशाखाली उतरेना. अर्धा मोडून त्यांच्या हातावर ठेवला.

अर्ध्या लाडवाने काय होणार आहे.

२३ जून, सोमवार

बाईंनी आज स्वतःहून विचारलं, "लाडू हाय का गं?" वर्षभरात त्यांनी काही मागितलेलं मला आठवत नाही. मला फार बरं वाटलं. शतावरीचं दूधही आता आधी त्यांना थोडं देते. तेलाचंही तसंच, त्यांच्या पाठीला लावून उरलेल्या तेलात माझं भागतं.

झोप बरी. वाफा दुपारी एकदा. गुडघे किंचित धरलेत. सुरुवातीला शरीर कुरकुरतं, असं मानसीताई म्हणाल्याच होत्या.

८ जुलै, मंगळवार

ग्रंथालयातून आले तर बाई खिडकीत बसून शेंगदाणे खात होत्या. भाजलेले, कडक. कुटुकुटु आवाज बाहेर जिन्यात ऐकू येत होता. मी आधी वाटीकडे बघितलं. कवळी पाण्यात होती तशीच.

"बाई, आ करा बघू."

त्यांनी लहान पोरीसारखे ओठ घट्ट मिटून घेतले आणि हसल्या. "हिरड्या टणक झाल्या," एवढंच म्हणाल्या.

दिलीप ऑफिसातून आला, तर त्याने आईला टाळी दिली. आईला इतकी खुशीत त्याने कित्येक दिवसांत बघितली नव्हती, त्याचे डोळे पाणावले. माझी मागची दाढ हलतेय म्हटल्यावर म्हणाला, "ह्या वयात बायकांचं कॅल्शियम जातंय गं. ऑफिसातल्या रेड्डीच्या मिसेसचं पण सेम चाललंय. परेशान नको होऊ."

रेड्डीच्या मिसेस नसत्या तर माझं आजारपण नवऱ्याला समजलंच नसतं.

२० जुलै, रविवार

गल्लीतून बोनालूची, इथल्या देवीच्या जत्रेची, मिरवणूक गेली. ढोल वाजायला लागले तशा बाई खुर्चीतून उठल्या. काठी न घेता. "चल, बघून येऊ," म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी मागून धावले. उतरताना ठीक होतं, वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा श्वासच संपला. पायरीवर बसले. वरून बाईंच्या पावलांचा आवाज येत होता, झपझप, चपला फटाफटा वाजवत. मी जिना चढते तेव्हा दिलीप म्हणतो, तुझी चाल खालून ओळखू येते. अगदी तोच आवाज होता. मी इथे खाली बसलेय आणि वर मीच चढतेय, असं क्षणभर वाटलं.

उन्हाने डोकं फिरलं असणार.

४ ऑगस्ट, सोमवार

मानसीताईंनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. जीभ बघितली, नखं बघितली. मग हात तसाच हातात ठेवून विचारलं, "लाडू कोण खातं?"

"मीच."

"त्रिवेणीताई."

खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही. सांगून टाकलं, की थोडं बाईंना देते, आणि त्यांची तब्येत कशी सुधारलीय. मला वाटलं रागावतील. त्या रागावल्या नाहीत, उलट खुर्ची जवळ ओढून हळू बोलायला लागल्या. "अशी नाडी मला पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांची लागते. तुम्हाला घाबरवत नाही. एक आठवडा एकटीने खाऊन बघा. बाईंसाठी वेगळं करून द्या हवं तर, पण तुमच्या ताटातलं देऊ नका. माझ्यासाठी एवढं करा."

बाईंसाठी वेगळा डबा केला. बेगम बाजाराचंच सामान, तेच प्रमाण.

८ ऑगस्ट, शुक्रवार

स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन, ओट्याकडे तोंड करून खाल्लं. चोरून खाणाऱ्या मांजरीला काय वाटत असेल ते आज कळलं.

बाईंनी त्यांच्या डब्यातला लाडू तोंडात घातला आणि थुंकला. "ह्येच्यात काय न्हाई," म्हणाल्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

कबूल केलंच पाहिजे. मी कुठे न थांबता जिना चढले. दाढ बसली. ग्रंथालयात वरच्या फळीवरचे दिवाळी अंक स्टुलावर चढून मीच काढले, भगवंतराव सेक्रेटरी खाली उगाच हात पसरून उभे होते, मी पडले तर झेलायला.

बाई मात्र पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजतात. काही मागत नाहीत, तक्रार नाही. जेवायला उठवलं तर उठतात आणि पेजेच्या वाटीकडे बघत राहतात. दिलीप त्यांच्याजवळ बसून होता. बाहेर येऊन म्हणाला, "आई परत तशीच व्हायलीय. तू काही केलीस काय?"

मी काही केलं नाही. फक्त माझा लाडू मी खाल्ला.

१७ ऑगस्ट, रविवार

मला एकटीने खाववत नाही. मृण्मयी आठ महिन्यांची होती तेव्हा मी ग्रंथालयात नोकरी धरली, ती बाईंच्या जिवावर. पोरीची तापाची दुखणी त्यांनी काढली, शाळेत त्यांनी नेलं आणि आणलं, आणि मला कधी एक शब्द ऐकवला नाही. माझ्या आईपेक्षा मी त्यांच्याजवळ जास्त राहिले. त्या बाईला भिंतीकडे तोंड करून वाळू द्यायची आणि आपण दाराआड तूप खायचं, असलं बाईपण टिकवून मी करू काय?

सकाळी दूध आणि लाडू घेऊन त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. अर्धा मोडला. त्यांनी लगेच हात पुढे केला नाही. माझ्या हाताकडे बघत बोलायला लागल्या, इतकं सलग त्या कितीतरी दिवसांनी बोलल्या.

"म्याबी मह्या सासूला आधी द्यायची. दूध, तूप, भाकरीचा पापुद्रा, सगळं आधी त्यांना. पन्नाशीत मही कंबर मोडली. त्या नव्वदीच्या, तरी जात्यावर दळत बसायच्या. लोकं मनायचे, जयवंता वाळली. म्या मनायची, वय झालं."

खरंच आहे. माझ्या लग्नात मी नमस्काराला वाकले ते आधी बाईंच्या पायांवर, थोरल्या त्याच वाटल्या. सगळे हसले होते. त्यांच्या सासूबाई बाजूलाच ताठ उभ्या होत्या, डोक्यावर दाट काळे केस.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रीत हाय," बाई म्हणाल्या. आणि हात पुढे केला. "दे."

५ सप्टेंबर, शुक्रवार

अक्षर मोठं येतंय. पाळी जूनपासून नाही, आता येईल असं वाटत नाही. संपलं ते एवढं गुपचूप संपलं. वाफाही थांबल्या. उलट अंगात थंडी भरते, सप्टेंबरात शाल घेऊन बसते.

मृण्मयीचा व्हिडिओ कॉल होता. ऑफिस तिकडे असल्यामुळे ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला मैत्रिणींबरोबर राहते. फोन बाईंकडे होता. त्या तिला सांगत होत्या, शाळेमागच्या बोरीवर चढले आणि फ्रॉक फाटला, मग वडिलांनी मारायच्या ऐवजी चार आण्यांची गोळी घेऊन दिली. मृण्मयी खिदळत होती. मी आत बसून ऐकलं. बाईंनी जन्मात फ्रॉक घातलेला नाही आणि शाळाही बघितलेली नाही. ही माझी गोष्ट आहे, लातूरची. मीच कधीतरी सांगितली असेल.

मग मी ती बोर आठवायला गेले. बोर आठवेना. एक विहीर आठवली, मोटेचं पाणी, आणि कुणीतरी "जयवंते" म्हणून हाक मारतंय.

मला भीती वाटते. दिलीपला सांगितलं. तो म्हणाला, ह्या वयात हार्मोन्समुळे डोक्यात असंच येतंय काहीतरी. मृण्मयीनेही तेच सांगितलं, भगवंतरावांनीही तेच. मला आता असं वाटायला लागलंय की माझ्या मानेवर कुणी सुरी फिरवली तरी लोक म्हणतील, पन्नाशी जवळ आली की होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

सामान संपलं म्हणून बेगम बाजार. बाईंना बरोबर घेतलं, खरं तर त्यांनीच मला घेतलं. रस्ता ओलांडताना माझा दंड धरून होत्या. त्यांनी माझी जांभळी साडी नेसली होती, ब्लाउजसुद्धा माझाच, नीट बसला. दुकानदाराने माझ्याकडे बघून पोत्यावरचा माल बाजूला सारला. "बड़ी अम्मा को बिठाव पैले. आपा, तुम बोलो, क्या क्या होना?"

आपा म्हणजे बाई, आणि बड़ी अम्मा मी. त्यांनी सगळं सांगितलं, मुळी मोडून बघितली, वजनावर नजर ठेवली. मी पोत्यांमध्ये बसून त्यांचा अंबाडा बघत होते. मुळांपासून बोटभर केस काळे आलेत.

परत येताना रिक्षात मी ही गोष्ट हसून सांगायला गेले. बाई हसल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या, घरापर्यंत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घट बसलेत. आमच्याकडे घटाला थोरल्या बाईनेच पाणी घालायचं. आज सकाळी बाईंनी मला मोरीपाशी बोलावलं. "चार दिस घटाचं तू बघ. मला शिवता येनार न्हाई."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा हातातलं तांब्याचं भांडं सुटलं.

"बाई, हे साधं नाही. डॉक्टरकडे जायला हवं."

"कुनाला सांगू नको," त्या म्हणाल्या. लाजल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या बाईचा चेहरा असा लाजलेला मी कधी पाहिलेला नाही.

घटाला पाणी मी घातलं. मला शिवायला आता कसली आडकाठी नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

दिलीपला न सांगता बाईंना लेडी डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई मला बाहेर येऊन म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, सगळं अगदी निरोगी आहे. वयाबद्दल दोनदा विचारलं. मी आधार कार्ड दाखवलं तर हसल्या. जुन्या लोकांच्या आधारवर वय हमखास चुकीचं पडलेलं असतं म्हणाल्या. मग मला विचारलं, "आजी, तुम्ही ह्यांच्या आई का?"

बोलायचं असतं ते हल्ली ओठांपर्यंत येता येता दमतं.

मानसीताईंचे दोन फोन येऊन गेले. घेतले नाहीत. त्यांना काय सांगू? त्यांच्या एवढ्याशा सांगण्याचं मी वाटोळं केलं.

ग्रंथालयाची किल्ली परत करायला बाईच गेल्या. भगवंतरावांनी निरोप पाठवलाय, विश्रांती घ्या, जागा कुठे पळून जात नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. ऑफिसच्या कामामुळे मृण्मयी आली नाही. फराळ सगळा बाईंनी उभ्याने केला. तळणीतली पहिली करंजी ताटलीत घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी खिडकीजवळच्या खुर्चीत होते. तिथे ऊन येतं, पाठीला बरं वाटतं.

"आधी तू खा," बाई म्हणाल्या.

"असं कसं? थोरल्या तुम्ही."

"तिरवेणी, ऐक महं. मह्या ताटातलं घे. जे आलं ते परत जाईल."

काय आलं आणि काय परत जाईल, मला समजलं नाही. एवढं समजलं, की सणाच्या दिवशी सासूच्या आधी सुनेने तोंड उष्टं करायचं हे माझ्याने होणार नाही. मी करंजी उचलली आणि माझ्या हाताने त्यांच्याच तोंडात घातली. थोडं सारण सांडलं त्यांच्या पदरावर.

त्यांनी दुसऱ्या दिवशीही आणून दिली. तिसऱ्या दिवशी भाताचा घास कालवून आणला, पाया पडते म्हणाल्या. सासू सुनेच्या पाया पडणार, म्हणजे माझ्या डोक्यावर पापाचा डोंगर. मी तोंड फिरवून घेतलं. शेवटी त्यांनी रडत रडत स्वतःच खाल्लं. चांगलंचुंगलं खाताना रडायचं कशाला?

(हे मी चार दिवसांनी लिहितेय. तारीख दिलीपने सांगितली.)

९ नोव्हेंबर, रविवार

मृण्मयी न कळवता आली. सकाळी दार उघडंच होतं. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईंना तिने मागून मिठी मारली, "मम्मा, सरप्राइज." बाई वळल्या. ती दचकून मागे झाली. "अगं आजी, तू? सॉरी."

मग तिने मला शोधलं. मी समोरच होते. तिने आधी माझ्यावरून नजर पुढे नेली, मग परत आणली. पायाशी बसली आणि माझे गुडघे धरून रडायला लागली. "मम्मा, तू अशी कशी झालीस गं? व्हिडिओवर एवढं दिसत नव्हतं. पप्पा, तुम्ही लोक काय करताय इथे?"

"वय झालं," मी म्हटलं.

"फिफ्टी म्हणजे काय वय आहे का?"

दिलीप खिडकीबाहेर बघत उभा होता. रेड्डीच्या मिसेसचं नाव आज त्याने काढलं नाही.

तिने लगेच ऑफिसला कळवून महिनाभर घरून काम करायचं ठरवलं. माझं बाळ. पंचविशीची आहे, गाल कसे वर आलेत, केसांचा भार मानेला पेलत नाही. ती खोलीत आली की खोली गरम होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मृण्मयीने मानसीताईंना फोन करून माझं पथ्य विचारून घेतलं आणि लाडू केले. वाकडेतिकडे, पण केले. मी म्हटलं, आधी बाईंना. बाई म्हणाल्या, मी घेणार न्हाई. मी म्हटलं, थोरलीने घेतल्याशिवाय मी कशी घेऊ? असा सगळा घोळ. मृण्मयी कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

मग ती तिची खाण्याची बशी घेऊन आली. ओट्स का काय ते, वर केळं आणि मध. "ओके. हे माझं आहे. ह्याच्यावर तुमचा रूल चालत नाही. लहानपणापासून बघतेय मी, आधी थोरल्यांना. तर आधी मम्माला." आणि चमचा माझ्या तोंडापुढे धरला.

बाई ओट्यापाशी होत्या तिथून धावत आल्या. पोरीचा हात धरला. "नको. हिच्या ताटातलं घेऊ नको तिरवेणी. मही शप्पत हाय. मह्यातलं घे, सगळं घे, पण पोरीचं नको."

घरात त्या कधी ओरडलेल्या मला आठवत नाहीत. मृण्मयी घाबरली, तिला वाटलं आजीचं काहीतरी बिनसलं. आणि मला एवढा राग आला की काय सांगू. पाच महिने मी माझ्या तोंडचं काढून यांना भरवलं, आणि माझ्या लेकीने मला चमचाभर दिलं तर यांच्या पोटात दुखतं. म्हातारपणी माणूस हावरं होतं म्हणतात, पण इतकं?

तरी मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. मृण्मयी म्हणाली, "मम्मा, आ कर."

मी तोंड उघडलं.

किती गोड होतं. घशातून उतरताना कळत होतं कुठे कुठे पोचतंय. पोटात, कंबरेत, पायांच्या बोटांत. बाई जमिनीवर बसल्या होत्या, पदरात तोंड घालून. मी बशी संपवली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बऱ्याच दिवसांनी सलग लिहितेय. अक्षरही बघ, रेघांच्या मधोमध बसतंय. काल जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेले आणि फुलं घेऊन आले. दाढ हलत नाही. दिलीप म्हणाला, पोरीच्या हाताला गुण आहे.

बाई माझ्याशी बोलत नाहीत. जेवायच्या वेळी उठून आत जातात. मृण्मयीला बाजूला घेऊन म्हणाल्या, तू तुझ्या खोलीवर परत जा, आजच्या आज जा. पोरीला वाईट वाटलं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, आजीचं मनावर घ्यायचं नाही, तिचं वय झालंय.

मृण्मयीला ऑफिसचं टेन्शन फार आहे. केस गळतायत, उशीवर पुंजके असतात. काल जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थोडी बसली. स्क्रीनसमोर बसून बसून आजकालच्या मुलींचं असंच होतं. मला म्हणाली, "मम्मा, महिना संपला तरी मी इथेच राहू का? मला जावंसं वाटत नाही." मी राहा म्हटलं.

दहा वाजून गेले, अजून झोपली आहे. उठवलं नाही. झोपू दे. उठली की खायला घेईल, आणि आधी माझ्याकडेच येईल.